तहानपूरच्या आधी

“मला बाराव्या पानावरच मारून टाकलंय की गं!” असं म्हणून आईनं पुस्तक माझ्या मांडीवर आपटलं.

रविवारची सकाळ, नऊ वाजलेले. मी लातूरहून पहिल्या एसटीनं शिरूर अनंतपाळला माहेरी आले होते. चहा अजून ओठाला लागायचा होता, आणि माझी आई धुरपताबाई, वय बासष्ट, ठणठणीत, स्वतःच्या मरणाचं चित्र मला बोट ठेवून दाखवत होती. चित्रात एक बाई चुलीपुढं पालथी पडलेली. शेजारी एक दांडगा तरुण आभाळाकडे तोंड करून ओरडतोय. तो तरुण म्हणजे आमचे बाबा.

“ती तूच कशावरून?” मी म्हणाले.

“नाव वाच की. धुरपी! शिरूरात दुसरी कोण धुरपी हाय? अन् मारायचंच होतं तर निदान शंभर पानं तरी जगू द्यायचं. सैपाक बी पुरा करू दिला न्हाई मुडद्यानं.”

मला हसू आलं, पण बाबांकडे नजर गेली आणि ते तिथंच जिरलं. बाबा खाटेवर बसून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत वाचत होते. एकेक पान उलटून थांबत होते. चष्मा कपाळावर सारत होते, पुन्हा खाली घेत होते. परवा पार्सल आल्यापासून हे असंच चाललंय, आई म्हणाली. जेवण पण धड नाही.

ही भानगड काय ते सांगते. गावच्या पेठेतल्या मलप्पा अप्पांचा धाकटा मुलगा मल्लेश पुण्यात चित्रं काढतो. जपानी पद्धतीच्या मारधाडीच्या चित्रकथा, काळ्यापांढऱ्या, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. पोरं त्याला मांगा म्हणतात. ‘तहानपूर’ ही त्याची चार खंडांची मालिका. पाणी संपलेल्या एका गावात दानम्मा नावाची पोरगी टँकरवाल्या गुंडांना झोडपते. माझ्या शाळेत सातवीच्या मुली ते बाकाखाली धरून वाचतात. मी पकडते, दटावते, जप्त करते आणि मधल्या सुट्टीत स्वतः वाचते. खोटं कशाला बोलू? चारही खंड माझे दोनदोनदा झालेत.

त्यात दानम्माचा एक वस्ताद आहे. हापसे दुरुस्त करतो. चार खंडांत तो कुणावर हात उचलत नाही आणि मोजून चार वाक्यं बोलतो. तिसऱ्या खंडात अकरा पानं तो नुसता एका उघड्या हापशापुढं बसून आहे. एक शब्द नाही. ऊन सरकतं, रिकाम्या घागरींची रांग वाढते, माणसं लांब उभी राहतात आणि कुणाची पुढं यायची छाती होत नाही. ती अकरा पानं वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, कारण तो दिवस मी पाहिलेला होता.

बाबा पंचायत समितीत हापसा मिस्त्री होते. एकतीस वर्षं सायकलला पाने आणि सळया बांधून तालुकाभर हिंडले. त्यांचा एक नेम होता. हापसा चालू झाला की पहिली बादली फेकून द्यायची आणि दुसऱ्या धारेची ओंजळ स्वतः प्यायची. “जे पानी मी पिऊ शकत न्हाई ते लोकांला कसं देऊ?” असं ते म्हणायचे. साहेबानं सांगितलेलं नव्हतं, कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते त्यांच्या धंद्याचं इमान होतं.

मी बारा वर्षांची होते तेव्हा एप्रिलात पेठेतला, मलप्पा अप्पांच्या दुकानासमोरचा हापसा बंद पडला. नऊ दिवस बंद. दहाव्या दिवशी बाबांनी दुपारपर्यंत राबून तो चालू केला. बादली फेकली, वाकले, ओंजळ पुढं केली. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरून मलप्पा अप्पा हात वर करून म्हणाले, “निवृत्ती, थांब. तांब्या आणतो. वरून घालतो तुला.”

सकाळपासून त्या हापशाच्या पोटात बाबांचे हात कोपरापर्यंत होते, बरं का. त्याचं काही नाही. ओंजळ तेवढी नको!

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी हापसा पुन्हा उघडला, आतलं चामड्याचं वायसर काढून खिशात टाकलं आणि लिंबाखाली बसले. बारापासून साडेपाचपर्यंत. मी भाकरी घेऊन गेले होते, त्यांनी फडक्याची गाठही सोडली नाही. बायका घागरी घेऊन उभ्या. कुणी शिव्या घातल्या, कुणी साहेबाला कळवतो म्हणालं. शेवटी अप्पांची बायको, रत्नम्मा, घरातून घागर घेऊन पायऱ्या उतरली. नवऱ्याच्या अंगावरून आली आणि बाबांपुढं घागर ठेवून म्हणाली, “भाऊ, बसवा ते वायसर. तुमी प्या. मग मी भरते.”

बाबा प्याले. तिनं भरलं. झालं, एवढंच. त्यावर सत्तावीस वर्षांत कुणी चकार शब्द काढला नाही. बाबा डाळ अप्पांच्याच दुकानातून आणतात. रत्नम्मा वारली तेव्हा मातीला गेले होते. आणि नऊ वर्षांचा मल्लेश त्या दिवशी त्याच पायरीवर बसलेला होता, हे तिसरा खंड येईपर्यंत आम्हाला आठवतही नव्हतं.

आता हा नवा खंड, ‘वस्ताद: तहानपूरच्या आधी’. वस्तादची तरुणपणाची गोष्ट. तो असा गप्प का झाला, ते सांगणारी. मी एसटीत बसल्या बसल्या माझी प्रत संपवली होती आणि निलंगा फाट्यापर्यंत माझं डोकं फिरलं होतं. दोनशे बारा पानं, आणि प्रत्येक पानावर धाडधूम. जुन्या खंडांत एकेका म्हातारीचं तोंड वेगळं असायचं. इथं गुंडांची तोंडं सगळी एका साच्यातली. मागं घरं नाहीत, झाडं नाहीत, पांढरं मोकळं. चार खंडांत चार वाक्यं बोलणारा वस्ताद इथं हाणायच्या आधी भाषण करतो आणि हाणून झाल्यावर पुन्हा करतो. आणि हापशाचा तो दिवस? बुरखेवाले दरोडेखोर येतात, हापसा ताब्यात घेतात, वस्ताद हापशाचा दांडा उपटतो आणि साठ जणांना लोळवतो. लिंब नाही, ओंजळ नाही, रत्नम्मा नाही. पायरीवर हात वर करून उभा असलेला माणूस तर नाहीच नाही.

“ह्या हापशाला सळईच काढली न्हाई त्येनं,” बाबा खाटेवरून म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. “पानी येनार कुठून? पहिल्या पुस्तकांत नटबोल्टसुदिक बरोबर होते.”

“बाबा, तुम्ही आज जाऊ नका,” मी म्हणाले.

चार वाजता वाचनालयात प्रकाशनाचा कार्यक्रम होता. पत्रिकेवर बाबांचं नाव होतं, ‘शुभहस्ते, खरेखुरे वस्ताद’. अध्यक्ष मलप्पा अप्पा. बाबांनी रिबीन सोडायची, पुस्तक वर धरायचं, फोटो.

“न गेलो तर गाव म्हनंल, मिस्त्री रुसला.”

“म्हणू दे.”

“अन् गेलो, रिबीन सोडली, गप बसलो, तर हे खोटं माज्या हातानं खरं हुतंय.” त्यांनी पुस्तक मिटलं. “लुंबिनी, मी जन्मात काय केलं? हापसे नीट केले. ते बी आता बंद पडले, नळ आले. एक दिवस हाय माजा. त्यो एकच.”

मला रडू आलं आणि मल्लेशचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याच्या कानाखाली काढली असती.

तो समोर आलाच. अकरा वाजता दारात गाडी थांबली. मल्लेश उतरला, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. “जय भीम, काका,” म्हणून बाबांच्या पाया पडला. मग आईच्या पाया पडायला वाकला.

“मेलेल्या बाईच्या काय पाया पडतो रे?” आई म्हणाली.

तो वाकलेलाच राहिला. “काकू, नायकाची बायको आधी मरते. तशी रीत असते ह्या गोष्टींत.”

“कुटली रीत? आमच्यात तर नवरेच आदी जातेत.”

मी त्याला खुर्ची दिली, पण चहा विचारला नाही. म्हणाले, “मल्लेश, ती अकरा पानं काढणारा तूच ना? मग हे कुणी काढलं?”

“मीच.” तो चोरासारखा बसला. “ताई, संपादक म्हणाले, गप्प बसणं एकदा चालतं. आता वस्तादचा वेगळा खंड आहे तर दर पाच पानांना मारामारी पाहिजे. वाचक तेच मागतात. आठ महिन्यांत दोनशे पानं. तीन पोरं हाताखाली घेऊन काढलंय. मला काय कळत नाही का, कसं झालंय ते? पहिल्या चारांच्या पासंगाला पण लागत नाही.”

“ते जाऊ दे. साठ दरोडेखोर कुठून आणलेस?”

त्यानं बाबांकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, “दोनदा खरं काढलं होतं, काका. दोन्ही वेळा फाडलं. तिसऱ्या खंडात नुसतं बसलेलं दाखवलं, का बसलेत ते सांगावं लागलं नाही. ह्यात सांगावंच लागणार होतं. मग अप्पांना काढावं लागलं असतं. अप्पांना वर्षापूर्वी झटका येऊन गेला. ते पुस्तक उशाशी घेऊन बसतात. पोरानं नाव काढलं, म्हणतात. त्यांना मी पानावर कसं उभं करू?”

मला त्याची कीव आली आणि ती आल्याचा रागही आला. बापाची अब्रू राखायची म्हणून माझ्या बापाचा दिवस पुसायचा, हा कुठला न्याय?

“काका, नुसती रिबीन सोडा,” मल्लेश म्हणाला. “बोलू नका काही. हात जोडतो.”

बाबा म्हणाले, “मी येतो.”

“म्हणजे बोलणार नाही ना?”

“येतो म्हनलो.”

तो गेला. चार वाजत आले. बाबांनी पांढरा सदरा घातला, स्वतःच्या हातानं इस्त्री केलेला. वाटेत मी दोनदा विचारलं, काय करणार आहात. ते चालत राहिले.

वाचनालय गच्च भरलं होतं. शाळेची पोरं-पोरी पुढं सतरंजीवर, मागं खुर्च्यांवर पेठेतली मंडळी, दाराशी आमच्या वस्तीतली. एका बाजूला पांढरा फळा उभा केलेला, कारण प्रकाशनानंतर मल्लेश पोरांना चित्र काढून दाखवणार होता. मधोमध मलप्पा अप्पा, खाली मान, काठीवर दोन्ही हात. कपाळावर भस्म. बाबा आले तसे ते अर्धवट उठले आणि “या मिस्त्री” म्हणाले. बाबा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

वाचनालयाचे दयानंद सर बोलले, लांबलचक बोलले. मग त्यांनी रिबिनीत बांधलेलं पुस्तक बाबांच्या हातात दिलं. पोरांनी मोबाईल वर केले. मल्लेशचा चेहरा कागदासारखा झाला होता.

बाबांनी पुस्तक घेतलं, गाठीवर बोट ठेवलं आणि तसंच्या तसं टेबलावर ठेवून दिलं. माईक मात्र उचलला.

“मी निवृत्ती. हापसा मिस्त्री. मला बोलता येत न्हाई,” ते म्हणाले. “ह्या पोरानं आदी चार पुस्तकं काढली. लई चांगली हायत. हे पाचवं मला पसंत न्हाई.”

दयानंद सर खोकले. कुणीतरी मागं हसलं. आई माझ्या मनगटाला धरून बसली होती, तिची नखं रुतत होती.

“ह्याच्यात मी साठ मानसं मारली. मी एक बी मारलं न्हाई. तुमी पोरं उद्या मला इचारसाल, काका, साठ जनांला कसं हानलं? मी काय सांगू? मला त्या दिवशी भ्याव वाटत होतं. पाय लटलट कापत होते, म्हनून बसलो. उठलो असतो तर पडलो असतो. अन् साठ न्हवते. एक होता. एकाच मानसानं मला पानी पिऊ दिलं न्हाई, मी नीट केलेल्या हापशाचं. अन् सोडवलं ते एका बाईनं. ह्या पुस्तकात दोन बाया हायत, दोन्ही मेल्यात. ती बाई तर ह्याच्यात न्हाईच.”

मागच्या खुर्च्यांवरची म्हातारी मंडळी जमिनीकडे बघायला लागली. त्यांना माहीत होतं, सगळ्यांना. पुढच्या पोरांना नव्हतं. सतरंजीवरची एक दोन वेण्यांची मुलगी सरळ उभी राहिली.

“काका, तो एक कोण होता?”

अप्पा बाबांपासून हातभर अंतरावर होते. त्यांची मान वर झाली नाही. काठीवरची बोटं तेवढी एकमेकांत घट्ट झाली. नाव घ्या बाबा, मी मनात म्हणत होते, एकदा घ्या! आणि लगेच वाटत होतं, नका घेऊ, ते म्हातारं इथंच कोसळेल.

“ते मी सांगनार न्हाई,” बाबा म्हणाले. “मल्लेशनं पाह्यलंय. चित्रं त्यो काढतो, मी न्हाई.” आणि ते बसले.

मल्लेश उठला. मला वाटलं हा आता दारातून निघून जातो. तो फळ्याकडे गेला, मार्करचं टोपण काढलं. पाठ आमच्याकडे. मग हात चालू झाला.

आधी हापसा आला. दांडा, तोटी, आणि उघड्या तोंडातून वर आलेली सळई. लिंब आला. लिंबाखाली मांडी घालून बसलेला माणूस, गुडघ्यांवर हात. रिकाम्या घागरींची रांग आणि प्रत्येक घागरीमागं एक बाई, प्रत्येकीचं तोंड वेगळं. पायऱ्या आल्या. पायरीवरून उतरणारी रत्नम्मा आली. कमरेवर घागर, पुढं टाकलेलं पाऊल. मागून कुणीतरी बाई “अगं बया, रत्नम्मा!” म्हणाली. अप्पांनी मान वर केली.

पायरीवर एक जागा मोकळी राहिली होती. मल्लेशचा हात तिथं येऊन थांबला. खूप वेळ थांबला. मग त्यानं भरभर काढलं: धोतर, वर केलेला हात, डोक्यावर पांढरी टोपी. माणूस पाठमोरा. चेहरा नाही. शिरूरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची पाठ तशीच दिसते.

माझी निराशा झाली. एवढं सगळं करून शेवटी पाठच दाखवलीस ना, मल्लेश!

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मलप्पा अप्पा काठीवर भार देऊन उठत होते. दयानंद सर धरायला धावले, अप्पांनी त्यांना हातानंच मागं सारलं. एकेक पाऊल टाकत ते फळ्यापाशी गेले आणि तोंड अगदी जवळ नेऊन चित्र पाहिलं. रत्नम्माच्या चित्रापाशी त्यांचं बोट जरा वेळ थांबलं.

“टोपी न्हवती, मल्लू,” ते म्हणाले. माईक नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. “त्या दिवशी माझ्या डोईला रुमाल होता. पिवळा.”

मल्लेशनं मार्कर खाली घेतला.

“अन् पाठ कामून काढलास? मी पाठ करून उभा न्हवतो. मिस्त्रीकडं तोंड होतं माझं.”

मल्लेशनं तळहातानं फळ्यावरचा तो माणूस पुसला. हात काळा झाला. अप्पा फळ्याच्या बाजूला सरकले, गावाकडे तोंड करून उभे राहिले आणि उजवा हात खांद्याच्या वर नेला, थांब म्हणताना नेतात तसा. त्यांनी तो खाली घेतला नाही.

बाबा उठले. आपली खुर्ची उचलून त्यांनी अप्पांच्या मागं नेऊन ठेवली.

“अप्पा, बसा. बसून बी काढील त्यो. किती येळ उभं ऱ्हाताल?”

“न्हाई मिस्त्री,” अप्पा म्हणाले. “चित्र हुईस्तोर उभा ऱ्हातो.”

मल्लेशनं चेहरा काढायला घेतला.